पाप जन्माबरोबर येते काय? : ख्रिस्ती इतिहासातील एका वादाचा धम्मदृष्टीने विचार

मनुष्य दुष्कृत्य का करतो आणि जगात दुःख का आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक धर्मापुढे उभे राहिले आहेत. या दोन प्रश्नांची सांगड एखादा धर्म कशी घालतो, यावरून त्या धर्मात दुःखिताचे स्थान कोणते राहील हे ठरते. ज्या समाजाला शतकानुशतके असे बजावण्यात आले की तुमची अस्पृश्यता हे तुमच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे, त्या समाजाने हा प्रश्न निव्वळ बौद्धिक कुतूहलाचा मानून चालणार नाही. त्याच्या उत्तरावर आमच्या पूर्वजांचे आयुष्य बेतले होते.

या दृष्टीने ख्रिस्ती धर्माचा पापविषयक दृष्टिकोन कसा घडला, हे अभ्यासणे उद्बोधक आहे. हा दृष्टिकोन सुरुवातीपासून एकच एक नव्हता. ज्या मूळ पापाच्या सिद्धांताला आज पुष्कळ लोक ख्रिस्ती धर्माचा पायाच समजतात, तो पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात इ.स. ४११ ते ४३१ या वीस वर्षांच्या वादातून अधिकृत ठरला. त्या वादात दोन्ही बाजूंना श्रद्धावान ख्रिस्ती माणसे होती. तो वाद येथे थोडक्यात मांडून त्याचा धम्माच्या कसोटीवर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

पाप या शब्दाविषयी

मराठीत 'पाप' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या कल्पनांसाठी वापरला जातो. ब्राह्मणी परंपरेत तो विटाळाशी आणि पूर्वजन्माशी जोडलेला आहे. ख्रिस्ती परंपरेत पाप म्हणजे ईश्वराच्या आज्ञेचा भंग. पालि वाङ्मयातही हा शब्द आहे. धम्मपदात 'पापवग्ग' नावाचा स्वतंत्र वर्गच आहे. परंतु तेथे पाप म्हणजे अकुशल कर्म. लोभ, द्वेष व मोह या तीन मुळांतून निघणारे आणि करणाऱ्यासह इतरांस दुःख देणारे कृत्य. त्यात कोणाच्या आज्ञेचा भंग नाही आणि कोणाच्या स्पर्शाचा विटाळही नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. आदामाच्या पतनाची कथा मराठी ओवीत विस्ताराने आली ती त्या ग्रंथात. ज्या श्रोत्यांच्या कानी ती पडली, त्यांच्या मनात 'पाप' या शब्दाभोवती जन्म आणि जात यांचे वलय आधीपासूनच होते. म्हणून या शब्दांच्या सीमारेषा आरंभीच स्पष्ट करून घेतल्या पाहिजेत.

मूळ ग्रंथांत काय आहे?

'उत्पत्ती' या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा यांनी निषिद्ध फळ खाल्ल्याची कथा आहे. त्या अध्यायात 'पाप' हा शब्द येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तो प्रथम येतो चौथ्या अध्यायात, काइन आपल्या भावाचा वध करण्यापूर्वी. ज्यू परंपरेने याच कथेवरून वंशपरंपरागत अपराधाचा सिद्धांत काढला नाही. उलट यहेज्केल या प्रवक्त्याच्या ग्रंथातील अठराव्या अध्यायात बापाच्या अपराधाचा भार मुलावर पडणार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील प्रसंग तर आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावा असा आहे. एका जन्मांधास पाहून शिष्य येशूला विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? हा प्रश्न या देशातील कोणत्याही खेड्यात विचारला गेला असता. येशूने दोन्ही पर्याय नाकारले. त्याने त्या माणसाच्या आंधळेपणाचा दोष त्याच्यावरही ठेवला नाही आणि त्याच्या जन्मदात्यांवरही ठेवला नाही.

मग जन्मजात पापाची कल्पना आली कोठून? तिचा मुख्य आधार म्हणजे प्रेषित पौलाने रोम येथील ख्रिस्ती मंडळीस लिहिलेल्या पत्रातील पाचव्या अध्यायाचे बारावे वचन. मूळ ग्रीक वचनाचा सरळ अर्थ असा होतो की, सर्वांनी पाप केले म्हणून मृत्यू सर्वांपर्यंत पोहोचला. प्राचीन लॅटिन भाषांतरात त्या जागी असे शब्द आले की त्यांचा अर्थ 'ज्या एकामध्ये सर्वांनी पाप केले' असा घेता येऊ लागला. पहिल्या अर्थाने प्रत्येक जण आपल्या कृत्याला जबाबदार ठरतो. दुसऱ्या अर्थाने सारी मानवजात आदामाच्या देहातच अपराधी ठरते. ग्रीक भाषेत वाचणाऱ्या पूर्वेकडील चर्चने पुढेही हेच मानले की आदामापासून मर्त्यता आणि दुर्बलता वारशाने येते, अपराध येत नाही. लॅटिन वाचणाऱ्या पश्चिमेने वेगळी वाट धरली.

ऑगस्टीनची वाटचाल

ती वाट आखणारा पुरुष म्हणजे ऑगस्टीन. त्याचा जन्म इ.स. ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. हे ठिकाण आजच्या अल्जेरियात आहे. ऐन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे तो मानीच्या पंथाचा अनुयायी होता. इ.स. २१६ मध्ये बाबिलोनियात जन्मलेल्या मानीने बुद्ध, जरथुष्ट्र आणि येशू यांना आपल्या पूर्वीचे संदेशवाहक मानले होते, असे अल्बेरुनीने नमूद केले आहे. मात्र बुद्धाचे नाव घेऊनही मानीचा सिद्धांत बौद्ध नव्हता. प्रकाश आणि अंधकार ही दोन अनादि तत्त्वे असून दुष्टता हे अंधकाराचे स्वतंत्र द्रव्य आहे, अशी त्याची शिकवण होती.

ऑगस्टीनने पुढे हा पंथ सोडला. इ.स. ३८७ मध्ये मिलान येथे बिशप अँब्रोझ याच्याकडून त्याने बाप्तिस्मा घेतला आणि काही वर्षांनी तो हिप्पो या नगराचा बिशप झाला. प्लोटायनसच्या तत्त्वज्ञानाच्या साहाय्याने त्याने दुष्टतेचा नवा अर्थ लावला. दुष्टता हे द्रव्य नसून चांगुलपणाचा अभाव आहे; अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, तशी. मग हा अभाव उत्पन्न कसा झाला? मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेने, असे त्याचे त्या काळातील उत्तर होते.

परंतु वयाबरोबर त्याचा मनुष्याच्या इच्छाशक्तीवरील विश्वास उणावत गेला. इ.स. ३९७ च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथात सोळाव्या वर्षी केलेल्या पेरूसारख्या फळांच्या चोरीचे त्याने बारकाईने विश्लेषण केले आहे. भूक नसताना, फळे चांगली नसताना, केवळ निषिद्ध म्हणून ती चोरावीशी वाटली, याचा त्याला विस्मय वाटतो. दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या ठायीही त्याला मत्सर दिसतो. मानवी मनाचे हे निरीक्षण खोल आहे यात शंका नाही. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र असा की, आदामाचे पाप प्रजननाच्या मार्गाने प्रत्येक मुलात उतरते, आणि त्या पापाबरोबर अपराधही उतरतो.

पेलाजियसचा आक्षेप

पेलाजियस हा मूळचा ब्रिटनचा. रोममध्ये राहून तो नीतिमय जीवनाचा उपदेश करीत असे. ईश्वराने आज्ञाही करावी आणि ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, या आशयाची ऑगस्टीनची प्रार्थना ऐकून तो अस्वस्थ झाला, असे खुद्द ऑगस्टीननेच लिहून ठेवले आहे. पेलाजियसचे म्हणणे साधे होते. जे करणे मनुष्याच्या शक्तीबाहेर आहे त्याची आज्ञा न्यायी ईश्वर करणार नाही. पाप ही कृती आहे, प्रकृती नव्हे. मनुष्य पाप करतो ते अनुकरणाने व सवयीने. आणि सवय कितीही जुनी असली तरी ती मोडता येते. इ.स. ४१३ च्या सुमारास देमेत्रियास नावाच्या तरुणीस लिहिलेल्या पत्रात त्याने असे प्रतिपादन केले की, सदाचाराचा उपदेश करताना मनुष्यस्वभावात कोणते सामर्थ्य आहे हे प्रथम दाखवून द्यावे. कारण जे आपल्याला साधणारच नाही असे वाटते, त्या मार्गावर कोणी पाऊल टाकीत नाही.

इ.स. ४१० मध्ये अलारिकच्या सैन्याने रोम लुटले. त्या धामधुमीत पेलाजियस आणि त्याचा सहकारी सेलेस्टियस यांनी आफ्रिका गाठली. पेलाजियस तेथून पॅलेस्टाइनला गेला. सेलेस्टियस मागे राहिला. आदामाच्या पापाने फक्त आदामाचीच हानी झाली आणि नवजात बालक पतनापूर्वीच्या आदामासारखेच निर्दोष असते, ही सेलेस्टियसची मते इ.स. ४११ मध्ये कार्थेज येथील सभेने दोषास्पद ठरविली.

ऑगस्टीनने उलट प्रश्न केला. बालक निष्पाप असेल तर पापक्षालनार्थ त्याला बाप्तिस्मा का देता? चर्चमध्ये बालकांना बाप्तिस्मा देण्याचा प्रघात होता, म्हणून बालकांत पाप असलेच पाहिजे, असा हा युक्तिवाद होता. रूढी आधी आणि तिचे समर्थन करणारा सिद्धांत मागाहून, हा क्रम आम्हांस या देशाच्या इतिहासातही पुष्कळदा दिसतो. या युक्तिवादाचा शेवट ऑगस्टीनने टाळला नाही. बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेले अर्भक दंडास पात्र आहे, मात्र त्याचा दंड सर्वांत सौम्य असेल, असे तो म्हणाला.

वादाचा निकाल कसा लागला?

हा निकाल केवळ युक्तिवादाने लागला असे इतिहास सांगत नाही. इ.स. ४१५ मध्ये पॅलेस्टाइनमधील डायोस्पोलिस येथील धर्मसभेने पेलाजियसला निर्दोष ठरविले. पुढच्याच वर्षी आफ्रिकेतील दोन सभांनी त्याच्या मतांचा निषेध केला. इ.स. ४१७ मध्ये पोप पहिला इनोसंट याने आफ्रिकेची बाजू घेतली. त्याच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी पोप झोसिमस याने प्रकरण पुन्हा उघडून पेलाजियसला अनुकूल मत दिले. अखेर ३० एप्रिल ४१८ रोजी सम्राट होनोरियसने हुकूम काढून पेलाजियस आणि सेलेस्टियस यांना रोममधून हद्दपार केले. दुसऱ्याच दिवशी कार्थेज येथे आफ्रिकी बिशपांची मोठी परिषद भरून तिने मूळ पापाचा सिद्धांत उचलून धरला. झोसिमसनेही मग आपले मत फिरविले.

इटलीतील अठरा बिशपांनी या निर्णयावर सही करण्यास नकार दिला आणि त्यासाठी पदे गमावली. त्यांचा अग्रणी इक्लेनमचा ज्युलियन याने ऑगस्टीनवर असा आरोप केला की, तुम्ही मानीचा पंथ सोडलात तरी मानीने तुम्हांस सोडलेले नाही. दुष्टतेला द्रव्य म्हणणे तुम्ही टाकले, पण तिला जन्मात आणून बसविले. नवजात अर्भकाला दंड करणारा ईश्वर न्यायी कसा, या त्याच्या प्रश्नाला ऑगस्टीन मरेपर्यंत उत्तरे लिहीत होता. व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला असताना २८ ऑगस्ट ४३० रोजी त्याचे निधन झाले तेव्हा ज्युलियनविरुद्धचा त्याचा शेवटचा ग्रंथ अपुरा होता. इ.स. ४३१ च्या इफिसस येथील परिषदेनेही सेलेस्टियसचा निषेध केला. रोमन चर्चने १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत मूळ पापाचा सिद्धांत पुन्हा विधिवत घोषित केला, आणि ल्यूथर व कॅल्व्हिन या बंडखोर सुधारकांनी तर तो अधिकच कठोर केला.

सिद्धांताचा सामाजिक परिणाम

एखादा सिद्धांत मनुष्यमात्राला सारखेच पतित मानीत असेल तर त्यात विषमता कोठे आली, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्त आहे. पुरुषसूक्त माणसांना जन्मतःच उच्च आणि नीच ठरविते. मूळ पापाचा सिद्धांत राजा आणि दास या दोघांनाही एकाच पंक्तीत उभे करतो. हा भेद मान्य केलाच पाहिजे.

तथापि व्यवहारात काय झाले ते पाहू. ऑगस्टीनने इ.स. ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेल्या ईश्वरी नगराविषयीच्या बावीस भागांच्या ग्रंथातील एकोणिसाव्या भागात गुलामगिरीचा विचार केला आहे. ईश्वराने मनुष्याला पशूंवर सत्ता दिली होती, मनुष्यांवर नव्हे, हे तो मान्य करतो. परंतु पुढे तो म्हणतो की गुलामगिरी हा पापाचा दंड आहे, ईश्वराच्या न्यायानेच ती आली आहे, आणि म्हणून गुलामांनी मनापासून धन्याची सेवा करावी. वस्तुतः गुलामांच्या व्यापाऱ्यांनी चालविलेल्या अत्याचारांनी तो स्वतः व्यथित झाला होता. १९८१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रांपैकी एका पत्रात, हिप्पोच्या ख्रिस्ती मंडळीने सुमारे १२० बंदिवानांची सुटका केल्याचा उल्लेख आहे. माणूस दयाळू होता. पण त्याच्या सिद्धांताने गुलामाच्या बेडीला ईश्वरी न्यायाचा शिक्का दिला. व्यक्तीची करुणा आणि तिच्याच सिद्धांताची कठोरता अशी एकत्र नांदू शकतात.

याच धर्मात, त्याच्या सुमारे एक पिढी आधी, इ.स. ३८० च्या सुमारास न्यासाचा ग्रेगरी याने एका प्रवचनात माणसाची खरेदी-विक्री करण्याच्या अधिकारालाच आव्हान दिले होते. पेलाजियसच्या मताच्या एका अज्ञात लेखकाने संपत्तीविषयीच्या पुस्तिकेत असे प्रतिपादन केले की, काहींजवळ गरजेपेक्षा अधिक आहे म्हणूनच इतरांजवळ पुरेसे नाही. ज्याला पाप जन्मात दिसत नाही, त्याचे लक्ष आपोआप मनुष्यांनी उभारलेल्या व्यवस्थेकडे वळते. ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हे.

बाबासाहेबांची मीमांसा

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केल्यानंतर ख्रिस्ती धर्माचाही पर्याय त्यांच्यापुढे मांडण्यात आला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी त्यांनी लिहिलेले प्रदीर्घ विवेचन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ते उपलब्ध आहे. मिशनऱ्यांच्या शाळा आणि रुग्णालये यांच्या कार्याची नोंद घेऊनही त्यांनी तेथे एक मूलगामी प्रश्न उपस्थित केला आहे.

त्यांच्या मीमांसेचा सारांश असा : मनुष्याचे पतन त्याच्या मूळ पापामुळे झाले, ही शिकवण समाजशास्त्राच्या विरुद्ध आहे. समाजशास्त्र सांगते की प्रतिकूल परिस्थिती मनुष्याला खाली ओढते. अस्पृश्याला जर असे शिकविले की तुझी अवनती चुकीच्या सामाजिक व धार्मिक परिस्थितीने झाली, तर तो त्या परिस्थितीवर प्रहार करील. त्याला जर असे शिकविले की तुझी अवनती तुझ्या पापाने झाली, तर तो क्षमेची याचना करील आणि परिस्थिती जशीच्या तशी राहील. हिंदू धर्मातील पूर्वकर्म टाकून आलेल्या माणसाच्या हाती आदामाचे पाप दिले, तर त्याचा लढण्याचा उत्साह कोठून येणार? चर्चमध्येही जातिभेद टिकून राहिला, याचे एक कारण बाबासाहेबांना या शिकवणीत दिसले.

ऑगस्टीन आणि ज्युलियन यांच्यात पाचव्या शतकात जो प्रश्न होता, तोच विसाव्या शतकात बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या वस्तीत उभे राहून विचारला, असे आम्हांस वाटते.

धम्माचे उत्तर

तथागतांनी मानवी मनातील दुष्टतेकडे डोळेझाक केलेली नाही. मज्झिम निकायातील महामालुंक्य सुत्तात तान्ह्या बालकाचा उल्लेख येतो. त्याला 'मी' म्हणजे काय याची जाणीवही नसते, तरी त्याच्या ठायी अनुशय, म्हणजे सुप्त प्रवृत्ती, असतात असे भगवान सांगतात. ऑगस्टीनला बालकात जे दिसले ते येथेही दिसले आहे. परंतु त्यावरून बालकाला अपराधी ठरविलेले नाही. अनुशय ही प्रवृत्ती आहे; ती कारणांनी पोसली जाते आणि मार्गाने उपटून टाकता येते. अंगुत्तर निकायात चित्त हे प्रभास्वर असून क्लेश हे आगंतुक आहेत, असे म्हटले आहे. शेकडो माणसे मारणारा अंगुलिमाल त्याच जन्मी अर्हत झाला. त्याच्या वतीने कोणी प्रायश्चित्त घेतले नाही आणि कोणी त्याचे पाप विकत घेतले नाही.

दुसरे असे की, धम्माने दुष्टतेचे मूळ केवळ व्यक्तीच्या मनात शोधले नाही. दीघ निकायातील चक्कवत्ति सीहनाद सुत्तात राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि हत्येतून असत्य वाढले, अशी कारणांची साखळी दाखविली आहे. येथे पापाचा आरंभ एखाद्या बागेत नाही. तो राज्यकर्त्याच्या कर्तव्यच्युतीत आहे. अशी साखळी जेथून सुरू झाली तेथून ती तोडताही येते.

आपल्यासाठी इशारा

एवढे सांगून आम्ही समाधान मानले तर तो अर्धाच विचार ठरेल. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात भगवान बुद्धांनी तीन मतांचा निषेध केला आहे : सुखदुःख हे सर्व पूर्वकर्माने होते, सर्व ईश्वराने निर्मिलेले आहे, किंवा सर्व अकारण आहे. या तिन्हींचा शेवट अकर्मण्यतेत होतो. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात वेदनांची आठ कारणे सांगितली आहेत. पित्त, कफ, वात, ऋतू, बाह्य आघात इत्यादींमध्ये कर्मविपाक हे केवळ एक आहे. तरीही चूळकम्मविभंग सुत्तासारख्या सुत्तांत अल्पायुष्य, दारिद्र्य आणि हीन कुळातील जन्म यांचा संबंध पूर्वकर्माशी जोडलेला आढळतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा असा सिद्धांत बुद्धाचा असू शकत नाही, असे ठामपणे मांडले. त्यामागे हीच जाणीव होती की, दुःखितालाच दोषी ठरविणारा विचार कोणत्याही दाराने आत येऊ शकतो. बौद्ध ग्रंथांच्या दारानेही.

ख्रिस्ती जगातही हा विचार स्थिर राहिलेला नाही. १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन येथे जमलेल्या लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी अन्यायी समाजरचनेलाच पापाची स्थिती म्हटले. १९७१ मध्ये पेरूचे गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी मुक्तीच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली. भारतात १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलित ईश्वरशास्त्राचा पाया घातला. २००७ साली तर व्हॅटिकनच्या ईश्वरशास्त्रीय आयोगाने बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेल्या अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे प्रतिपादन केले. ज्युलियनच्या प्रश्नाचे वजन अशा रीतीने जवळजवळ सोळाशे वर्षांनी मान्य होऊ लागले. पाप समाजरचनेत शोधणाऱ्या ख्रिस्ती बांधवांशी आमचा संवाद होऊ शकतो आणि झाला पाहिजे.

आपल्या वस्तीत अपंग बालक जन्माला येते, एखाद्या घरी अकाली मृत्यू होतो, एखादे कुटुंब कर्जाने बुडते. अशा वेळी 'मागचे काहीतरी भोवले' हे उद्गार आजही आपल्याच माणसांच्या तोंडून निघतात. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही ते निघतात. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलेला प्रश्न तो हाच. त्या उद्गाराच्या जागी औषध कोठे मिळेल, सावकाराचा हिशेब कोण तपासील, शाळेत त्या मुलाची सोय कशी होईल, हे प्रश्न आपल्या विहारांतून विचारले जाऊ लागतील, तेव्हा आपण मूळ पापाच्या आणि पूर्वकर्माच्या, दोन्ही सिद्धांतांना खरे उत्तर दिले असे म्हणता येईल.